विभावाविना स्वेद : घाम वाचणाऱ्या त्वचा-संवेदकांच्या दाव्यांची समीक्षा

प्रस्तावना

मराठी भाषेत 'घाम' या शब्दाचा व्याप शरीरशास्त्रापुरता मर्यादित राहिलेला नाही. घाम गाळणे म्हणजे कष्ट करणे, घाम फुटणे म्हणजे भयाने गर्भगळीत होणे, आणि घामाचा पैसा म्हणजे कोणाच्याही उपकाराविना मिळविलेली कमाई. शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा दिली, तेव्हा तिच्यातील घाम हे शेतीमालाच्या उत्पादनखर्चाचे दुसरे नाव होते. तो घाम कोणी प्रत्यक्ष मोजावा, अशी अपेक्षा त्या घोषणेत नव्हती. किंबहुना तो मोजता येत नाही, या गृहीतावरच तिचा नैतिक जोर उभा होता.

गेल्या काही वर्षांत मात्र घाम शब्दशः मोजणारी साधने अस्तित्वात आली आहेत. त्वचेवर चिकटवायची लवचीक पट्टी किंवा मनगटावरचा पट्टा घामातील सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम, लॅक्टेट, ग्लुकोज यांचे प्रमाण टिपतो आणि बिनतारी मार्गाने ते आकडे भ्रमणध्वनीवर पाठवितो. जोसेफ वँग यांच्या सॅन दिएगो येथील प्रयोगशाळेने २०१३ मध्ये गोंदणासारखी त्वचेवर बसणारी लॅक्टेटमापक पट्टी प्रसिद्ध केली. जानेवारी २०१६ मध्ये बर्कली येथील अली जावी, वेई गाओ व त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. चार रासायनिक घटक व त्वचेचे तापमान ही सर्व मोजमापे एकाच पट्ट्यावर, घाम येत असतानाच करून दाखविणारे हे काम या क्षेत्रातील वळणबिंदू मानले जाते. २०२१ मध्ये गेटोरेड या पेय-उत्पादकाने खेळाडूंसाठी अशीच पट्टी अमेरिकेच्या बाजारात आणली. अशा पट्ट्या पुढे उन्हात वा भट्टीजवळ काम करणाऱ्या औद्योगिक कामगारांसाठीही तयार होऊ लागल्या.

या साधनांविषयीच्या लेखनात एक प्रतिमा वारंवार येते : घाम ही शरीराच्या आत डोकावण्याची खिडकी आहे, आणि सुई न टोचता रक्तातील माहिती तिच्यातून मिळू शकते. प्रस्तुत लेखात या प्रतिमेची चिकित्सा केली आहे. ती करताना परतूर तालुक्यातील आष्टी (जि. जालना) आणि तिच्या आसपासचा, कापूस-सोयाबीन पिकविणारा व हंगामात ऊसतोडीसाठी माणसे बाहेर पाठविणारा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. (बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका व वर्धा जिल्ह्यातील १९४२ च्या लढ्याची आष्टी यांहून ही आष्टी वेगळी.) घामाविषयीचे कोणतेही साधन ज्यांना सर्वाधिक घाम येतो त्यांच्याकडे नेऊन पाहिल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

स्वेदाची कारणे

घामाचे वाचन ही आधुनिक विज्ञानाची नवी कल्पना नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात एकोणपन्नास भावांची गणना आहे. त्यांतील आठ सात्त्विक भावांत स्तंभ, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय यांच्या जोडीला स्वेद येतो. मराठीच्या अभ्यासकांना हे अष्टसात्त्विक भाव ज्ञानेश्वरीच्या वाचनातूनही परिचित आहेत. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भरताने स्वेदाचे एकच कारण सांगितलेले नाही. क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख, श्रम, रोग, ताप, आघात, व्यायाम अशी कारणांची लांबलचक यादी तो देतो. म्हणजे दृश्य चिन्ह एकच आणि कारणे दहा-बारा. नटाला रंगमंचावर मनात येईल तेव्हा घाम आणता येत नाही. म्हणून पंखा हाती घेणे, घाम पुसणे, वाऱ्याची इच्छा दर्शविणे या कृतींतून स्वेदाचा अभिनय करावा, असेही तेथे सांगितले आहे.

प्रेक्षक हा घाम नेमका कसा ओळखतो? केवळ कपाळावरचा हात पाहून तो क्रोधाचा की लज्जेचा हे ठरत नाही. समोर शत्रू उभा आहे की प्रियकर, प्रसंग रणांगणाचा आहे की अंतःपुराचा, यावरून ते ठरते. रससिद्धान्ताच्या परिभाषेत याला विभाव म्हणतात. विभाव बाजूला काढला तर स्वेद उरतो, पण त्याचा अर्थ उरत नाही. रसचर्चेतील ही साधी गोष्ट या नव्या उपकरणांच्या चिकित्सेसाठी उपयोगी पडते. संवेदक स्वेदाचे निरीक्षण विलक्षण बारकाईने करतो. विभाव मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

आयुर्वेदाने स्वेदाला मलांमध्ये स्थान दिले, त्याचा संबंध मेद धातूशी जोडला आणि क्लेद म्हणजे ओलावा धारण करणे हे त्याचे कार्य मानले. युरोपात सांतोरिओ या वैद्याने अनेक वर्षे स्वतःचे वजन, खाल्लेले अन्न व बाहेर पडलेला मल यांचा तराजूवर ताळा घेतला आणि न दिसणाऱ्या घामाचा हिशेब १६१४ च्या आपल्या ग्रंथात मांडला. तराजू आणि घाम यांचे नाते तेव्हापासूनचे. पण सांतोरिओ त्या तराजूत स्वतः बसला होता. मोजणारा आणि मोजला जाणारा एकच होता, हा तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

संवेदक काय वाचतो

मानवी त्वचेवर सुमारे वीस ते चाळीस लाख एक्राइन घर्मग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथीच्या तळाशी गुंडाळलेला भाग असतो, तेथे रक्तद्रवाशी जवळीक असलेला खारट द्रव तयार होतो. हा द्रव अरुंद नलिकेतून वर येत असताना नलिकेची भित्ती त्यातील बरेचसे सोडियम व क्लोराइड परत शोषून घेते. त्यामुळे पृष्ठभागावर येणारा घाम रक्तापेक्षा पुष्कळ कमी खारट असतो. रक्तातील सोडियमचे प्रमाण प्रतिलिटर १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राहते. घामातील सोडियम मात्र सर्वसाधारणपणे १० पासून ९० मिलिमोलपर्यंत कुठेही असू शकते.

हा फरक घडतो कशामुळे? मुख्यतः घामाच्या वेगामुळे. घाम वेगाने वाहू लागला की नलिकेला मीठ परत घेण्यास सवड मिळत नाही, आणि घाम अधिक खारट होतो. म्हणजे संवेदकाने सोडियम वाढल्याचे दाखविले, तर रक्तात काही बदलले असेल असे नाही. माणसाने कामाचा वेग वाढविला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून घामाचा वेग वेगळा मोजल्याशिवाय सोडियमचा आकडा फारसे काही सांगत नाही. चांगली उपकरणे आता तो मोजतात, हे मान्य केले पाहिजे.

लॅक्टेटची कथा याहून बोलकी आहे. स्नायू थकल्यावर रक्तात लॅक्टेट वाढते, त्यावरून घामातील लॅक्टेट थकव्याचे मापक ठरावे अशी कल्पना स्वाभाविकच पुढे आली. परंतु घर्मग्रंथी स्वतःच ऊर्जा वापरणारा अवयव आहे, आणि घामातील बहुतांश लॅक्टेट ग्रंथीने आपल्या कामासाठी जाळलेल्या साखरेतून येते. पायांनी किती कष्ट केले याची साक्ष पायांकडून न घेता ग्रंथीकडून घेण्यासारखे ते आहे.

ग्लुकोजविषयीचा दावा सर्वांत लोभस आणि सर्वांत जपून स्वीकारण्याजोगा आहे. घामातील ग्लुकोजचे प्रमाण रक्ताच्या सुमारे शंभरावा भाग असते. इतक्या अल्प प्रमाणात त्वचेवरचा अन्नाचा अंश, जुना वाळलेला घाम किंवा ग्रंथीतून वर येतानाचा विलंब यांपैकी कोणतीही गोष्ट आकडा बिघडवू शकते. बर्कलीच्या पट्ट्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर वापरले आहे. विकराची क्रियाशीलता तापमानानुसार बदलते, म्हणून त्याच पट्ट्यावर तापमानमापक बसवून आकडा दुरुस्त करण्याची सोय केली गेली. ही सोय त्या संशोधनाचा खरा गुण होय, आणि प्रसिद्धीच्या मजकुरात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. पण उपकरणाने स्वतःची चूक सुधारली तरी घाम आणि रक्त यांच्यातील नाते त्यामुळे घट्ट होत नाही. मधुमेहींच्या दंडावर आज दिसणाऱ्या सततच्या ग्लुकोजमापक चकत्या घाम वाचत नाहीत. त्यांची बारीक तार त्वचेखाली जाते व पेशींमधील द्रव मोजते. सुईविना ग्लुकोज मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता.

या संदर्भात ग्लुकोवॉच या घड्याळाची आठवण अप्रस्तुत ठरू नये. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे घड्याळ सौम्य विद्युतप्रवाहाने त्वचेखालील द्रव वर ओढून ग्लुकोज मोजत असे. घालणाऱ्याला घाम आला की त्याचे गणित बिघडे, म्हणून घाम ओळखताच ते ती नोंद वगळून टाकी. त्वचेवरची जळजळ व इतर अडचणींमुळे ते बाजारातून गेले. घाम हा ज्या उपकरणाला अडथळा वाटत होता, त्याच्याच वंशजांना पुढे घाम हा माहितीचा खजिना वाटू लागला.

घामाच्या रसायनाने खरोखर निदान होते असे एक उदाहरण मात्र सर्वमान्य आहे. १९४८ च्या न्यूयॉर्कमधील उष्णतेच्या लाटेत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराची बालके मोठ्या संख्येने कोलमडली. त्या निरीक्षणावरून पॉल दि सांताग्नीज यांनी अशा बालकांचा घाम विलक्षण खारट असतो हे १९५३ मध्ये दाखवून दिले. १९५९ मध्ये गिब्सन व कुक यांनी पायलोकार्पिन हे औषध सौम्य विद्युतप्रवाहाने हाताच्या त्वचेत उतरवून ठरावीक जागी घाम आणण्याची पद्धत दिली, आणि घामातील क्लोराइड प्रतिलिटर ६० मिलिमोल वा अधिक असणे हा निदानाचा आधार ठरला. ही चाचणी यशस्वी झाली, कारण तिने विभाव आपल्या हाती घेतला. घाम श्रमाने आला की भीतीने, उन्हाने की तापाने, हा प्रश्नच तिने शिल्लक ठेवला नाही. शिवाय नलिकेतून मीठ परत घेण्याची क्रियाच या विकारात बिघडलेली असते, त्यामुळे ग्रंथी येथे रक्ताची खिडकी म्हणून तपासली जात नाही. तपासली जाते ती ग्रंथी स्वतःच. आजच्या परिधेय संवेदकांमागील शास्त्र याच चाचणीचा वारसा सांगते, पण तिची शिस्त सोबत घेत नाही.

कोणाचा घाम प्रमाण मानावा

घामाचे 'सामान्य' प्रमाण कोणाच्या शरीरावरून ठरविले आहे, हा प्रश्न सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकाला प्रथम सुचावा. या क्षेत्रातील बहुसंख्य प्रयोग वातानुकूलित खोलीत स्थिर सायकल चालविणाऱ्या तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर झालेले आहेत. उष्णतेची सवय झालेल्या शरीरात मात्र निराळेच घडते. एक-दोन आठवडे उन्हात काम केले की घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि कमी खारट होतो. शरीर मीठ राखायला शिकते. त्यामुळे आष्टीच्या शिवारात फेब्रुवारीत व मे महिन्यात एकाच मजुराच्या घामाचे रसायन सारखे राहणार नाही, आणि त्याच बांधावर शहरातून नुकत्याच परतलेल्या त्याच्या भावाचे तर नाहीच. या दोघांना एकच मोजपट्टी लावणे म्हणजे शरीराच्या शहाणपणाला आजार समजण्याचा धोका पत्करणे होय.

हवामानही यात हस्तक्षेप करते. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. नुसता ओघळून पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम दिसण्यापूर्वीच वाळतो, आणि संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग तेवढे उरतात. पट्टी ज्या जागेवर चिकटते तेथील बाष्पीभवन ती स्वतःच अडविते. म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच मोजायची गोष्ट बदलते. याउलट किनारपट्टीच्या दमट हवेत घाम निथळत राहतो व शरीर तापत जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी भर उन्हात जमलेल्या श्रोत्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. तेथे लोकांना घाम येत नव्हता असे नाही, सावली नव्हती. शिवाय उष्माघाताच्या एका प्रकारात त्वचा कोरडी पडते व घाम थांबतो. घामावर जगणारे उपकरण त्या क्षणी मुके होते, आणि ते मुकेपण धोक्याचे आहे हे ओळखण्यास जवळ माणूसच असावा लागतो.

ऊस, कोयता आणि खाडा

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर कारखान्यांच्या कार्यक्षेत्राकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते आणि ती तोडलेल्या उसाच्या वजनातून फेडायची असते. एखादा दिवस काम बुडाले तर खाडा पडतो, म्हणजे दंड लागतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. दर वाढला, तरी मोजण्याचे एकक टन हेच राहिले.

या व्यवस्थेत घामाचा संवेदक आणून बसविला तर काय होईल, याचा विचार करून पाहावा. समजा, एका तोडणीवालीच्या दंडावर पट्टी आहे आणि भ्रमणध्वनीवर सूचना येते : शरीरातून इतके पाणी व इतके मीठ गेले, अर्धा लिटर पाणी प्यावे, सावलीत वीस मिनिटे बसावे. सूचना शास्त्रीयदृष्ट्या अचूक असेल. पण ती ऐकायची कशी? फडात सावली नसते. पाणी टोपीपासून आणलेल्या घागरीत असेल तेवढेच. आडोसा नसल्याने स्त्रिया दिवसा पाणी कमी पितात, हे अशा कामावर गेलेल्या कोणत्याही स्त्रीला कोणी शिकवावे लागत नाही. वीस मिनिटे बसले तर मोळ्या कमी पडतात आणि ट्रक भरायला उशीर होतो. संवेदकाला तिच्या शरीरातील सोडियम कळते. उचल, खाडा आणि टन हे तिच्या घामाचे विभाव मात्र कळत नाहीत.

शरीराला कराराशी जुळवून घ्यायला लावण्याची परिणती किती दूर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतील त्रास आणि खाड्याची भीती यांचा या शस्त्रक्रियांशी असलेला संबंध त्या वेळी पुष्कळ चर्चिला गेला. या स्त्रियांच्या शरीरांविषयी माहितीचा अभाव होता असे म्हणता येणार नाही. त्यांना स्वतःला ती माहिती पुरेपूर होती.

मध्य अमेरिकेतील अनुभव येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. एल साल्वादोर व निकाराग्वा येथील ऊसतोड मजुरांत मधुमेह वा उच्च रक्तदाब या नेहमीच्या कारणांविना मूत्रपिंड निकामी होत असल्याचे या शतकाच्या आरंभी अहवालांतून पुढे आले. कारणांविषयी वाद आहे. तथापि उष्णता, पाण्याची कमतरता व अतिश्रम यांच्यावर मुख्य संशय आहे. निकाराग्वात पाणी, विश्रांती व सावली यांची व्यवस्था कामाच्या वेळापत्रकातच बसविली गेली, तेव्हा मजुरांच्या मूत्रपिंडाची हानी घटल्याचे दिसले. ती हानी मोजली गेली रक्तातील क्रिएटिनिनवरून, म्हणजे जुन्या व स्वस्त चाचणीने. मराठवाड्यातील तोडणीचा मुख्य काळ हिवाळ्याचा, त्यामुळे ते उदाहरण जसेच्या तसे येथे लागू पडत नाही, हे खरे. परंतु २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस शिल्लक राहिला आणि गाळप जूनपर्यंत लांबले, तेव्हा तोडणी ऐन वैशाखाच्या उन्हात झाली. हवामानाच्या बदलत्या स्वरूपात व उसाच्या वाढत्या क्षेत्रात असे हंगाम पुन्हा येणारच नाहीत, असे मानणे धाडसाचे ठरेल.

येथे साहित्याची साक्ष काढणे अस्थानी होणार नाही. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनातील अण्णा भाऊ साठे यांच्या उद्घाटनपर भाषणात पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर श्रमिकांच्या तळहातावर तरली असल्याचा विचार येतो. नारायण सुर्वे यांच्या कवितेत कामगार स्वतःच्या श्रमाविषयी स्वतः बोलतो. आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत ट्रॅक्टर येतो आणि नारबाचे जनावरांशी जुळलेले जग विसकटते. तेथे यंत्र नारबाच्या श्रमाची जागा घेते. या तिन्ही ठिकाणी घाम गाळणारा माणूस वाक्याचा कर्ता आहे. संवेदकाच्या भाषेत त्याचे व्याकरणिक स्थान बदलते : त्याच्या शरीरातून 'विदा' मिळते, ती 'प्रक्षेपित' होते आणि तिचे 'विश्लेषण' केले जाते. तीनही क्रियापदांचा कर्ता दुसरा कोणी असतो. आधुनिक मराठी साहित्याने मोठ्या कष्टाने कमावलेला प्रथमपुरुष येथे पुन्हा तृतीयपुरुषात जातो.

ही शंका काल्पनिक मानण्याचे कारण नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत १९३० च्या दशकापासून कामगारांना उष्ण, दमट खोल्यांत काम करायला लावून उष्णता सोसणारे व न सोसणारे असे वेगळे काढण्याची पद्धत रूढ झाली. उष्माघाताचे मृत्यू त्यामुळे कमी झाले, हे नाकारता येत नाही. तरीही त्या चाचणीने खाण थंड केली नाही, खाणीला योग्य शरीरे निवडून दिली. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून न्यायालयीन देखरेखीखालील व्यक्तींच्या दंडावर घाम शोषणारी फार्मचेक ही पट्टी लावून त्यांनी अमली पदार्थ घेतले की नाही हे तपासले जाऊ लागले. पदार्थ शरीरातून आला की बाहेरून त्वचेला लागला, यावर तेथील न्यायालयांत वाद झाले. म्हणजे घाम वाचण्याचे तंत्र आरोग्याच्या बाजारात येण्याआधीच पहाऱ्याच्या कामी लागलेले होते.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आरोग्यविषयक माहितीला वेगळा, अधिक संवेदनशील वर्ग मानत नाही. त्याच्या सातव्या कलमात रोजगाराच्या प्रयोजनासाठी आणि मालकाला तोटा वा दायित्व यांपासून वाचविण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. या तरतुदीचा घामाच्या आकड्यांशी संबंध उघड आहे. उष्माघाताने कोसळलेल्या मजुराच्या पट्टीत 'पाणी पिण्याची सूचना दिली होती' अशी नोंद सापडली, तर ती नोंद कोणाच्या बाजूने वापरली जाईल? रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा छायाचित्रासह ॲपवर हजेरी सक्तीची झाली. ज्या गावांत भ्रमणध्वनीला जाळे मिळत नव्हते तेथे काम करूनही हजेरी बुडण्याची तक्रार मजुरांनी केली. उपकरण न चालल्याचा भुर्दंड श्रम करणाऱ्यानेच सोसला.

काटा कोणाच्या दारात

या विवेचनावरून घामाचे संवेदक निरुपयोगी आहेत असा निर्णय काढणे अन्यायाचे होईल. जालन्यातील लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत भट्टीसमोर उभे राहणाऱ्या कामगाराला पाळीच्या अखेरीस आपल्या शरीरातून किती पाणी व मीठ गेले हे कळणे मोलाचे आहे. घामाचा वेग आणि एकूण मीठहानी यांचे मापन हे या तंत्राचे सर्वांत भक्कम अंग आहे, कारण तेथे रक्ताविषयी अनुमान काढावे लागत नाही. जे बाहेर पडले तेच मोजले जाते. संशोधकांनी ग्लुकोजच्या मृगजळामागे घालविलेल्या बळापैकी थोडे जरी या साध्या मापनाकडे, स्वस्त, वीज न लागणाऱ्या, रंग बदलून सांगणाऱ्या पट्ट्यांकडे वळविले, तर अशा परिसराला त्याचा उपयोग होईल. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र आहे. घामातील क्लोराइडने रंग बदलणारा कागद हा रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील विषय होय, आणि उष्णतेची सवय झालेल्या शरीरांवरचे प्रमाण ठरविण्यासाठी येथल्या शिवारासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही.

अशी पट्टी बनली तर तिचे पहिले वाचन कोणी करावे, हा प्रश्न मात्र रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकट्याने सोडविण्याचा नाही. ऊसपट्ट्यात वजनकाट्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. कारखान्याच्या दारातला काटा कितीही आधुनिक झाला तरी काटामारीच्या तक्रारी संपल्या नाहीत. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने स्वीकारावा, ही मागणी म्हणूनच पुन्हा पुन्हा पुढे आली. यंत्राच्या अचूकतेविषयीचा तो वाद कधीच नव्हता. यंत्र कोणाच्या अंगणात उभे आहे आणि पावती कोणाच्या हाती पडते, यावर तो होता. रंग बदलणाऱ्या कागदाला ॲप लागत नाही. तो तोडणीवालीच्या दंडावर असतो, रंग तिला दिसतो, आणि तो दाखवायचा की नाही, मुकादमाला की शेजारच्या कोयत्यावरच्या बाईला, हे तिच्याच हाती राहते. विश्रांतीची वेळ करारात लिहून घ्यायची झाली, तर पंचवीस कोयत्यांच्या अशा पट्ट्या एका कागदावर चिकटवून वाटाघाटीच्या बैठकीत ठेवता येतील.